चक्करसाठी बॅलन्स क्लिनिकला गेले, त्याचा अनुभव

दीड महिना मी चक्कर चक्कर करत होते. आधीच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, मानेचा एक्सरे काढला, गोळ्या दिल्या, त्याने नुसती झोप यायची बाकी फरक शून्य. शेवटी कानाच्या बॅलन्स क्लिनिकला गेले.

तिथल्या मॅडमनी आधी विचारलं, चक्कर म्हणजे नक्की काय होतं, खोली गरगर फिरते, डोळ्यापुढे अंधारी येते की चालताना तोल जातो? आपण या सगळ्यालाच चक्कर म्हणतो ना! मी सांगितलं कुशीवर वळलं की छत फिरतं, मान वर करून फळीवरचा डबा काढायला गेलं तरी तेच. किती वेळ? अर्धा मिनिट. कानात आवाज, दडा, कमी ऐकू येणं? काहीच नाही.

मग टेबलावर बसवून मान उजवीकडे वळवली आणि झटकन आडवं केलं, डोकं कडेखाली जरा लोंबतं. चार-पाच सेकंद काही नाही आणि मग असं गरगरलं की मी त्यांचा हातच घट्ट धरला. त्या म्हणत होत्या डोळे मिटू नका, कारण बुबुळं कशी झटके देतात त्यावरूनच कुठल्या कानात गडबड ते कळतं. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत गेले होते. एप्ली नावाची पद्धत आहे, डोकं एकेका बाजूला वळवून थोडा थोडा वेळ धरायचं म्हणजे कण परत जागेवर जातात. गोळ्यांनी ते हलत नाहीत.

एक गोष्ट त्यांनी नीट समजावली ती इथे लिहितेच. गरगरणं तासन् तास टिकलं आणि सोबत कानात दडा, आवाज, ऐकू कमी येणं असेल तर मेनिएर नावाचा आतल्या कानाचा आजार असू शकतो. दिवसेंदिवस सलग फिरत राहिलं तर कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नसेला सूज आलेली असू शकते. आणि बोलणं अडखळणं, एकाचे दोन दिसणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं किंवा उभंच राहता न येणं, यातलं काहीही सोबत असेल तर कानाचं समजून घरी थांबू नका, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

एक स्टार कापला कारण दारात सहा पायऱ्या आहेत आणि कठडा नाही, चक्कर येणाऱ्या माणसाने चढायचं कसं? सोबत कोणालातरी घेऊन जा.

आठवड्याने तीच टेस्ट परत केली, डोळे स्थिर. हे पुन्हा होऊ शकतं असं त्यांनी आधीच सांगितलंय, पण सध्या उजव्या कुशीवर झोपतेय.