कुजलेला ट्रान्सम: साधा प्लाय, मरीन प्लाय की कूसा?

अमेरिकेत, आमच्या मिशिगनसारख्या तळ्यांच्या राज्यात, जुनी ॲल्युमिनियमची १४ फुटी फिशिंग बोट विकत घ्यायला गेलात तर आधी बोटीच्या मागे जाऊन उभे राहा. मोटर जिथे अडकवतात ती मागची भिंत म्हणजे ट्रान्सम. बाहेरून कितीही छान पत्रा दिसला तरी आत लाकूड असतं, बहुतेक बोटींत पाऊण इंची प्लायचे दोन थर चिकटवून केलेली दीड इंची फळी. मोटरचा खालचा भाग धरून वर-खाली हलवा, सोबत पत्रा आत-बाहेर झाला तर फळी गेली. आतल्या बाजूने एखादा स्क्रू काढून बघा, बाहेर काळा ओला भुसा आला की मग शंकाच नको. माझ्या बोटीत स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला होता, लाकडाचा अक्षरशः चहाचा चोथा झालेला.

आता प्रश्न येतो नवीन फळी कशाची करायची. मी स्वतःच्या बोटीला मरीन प्लाय लावला, नंतर एका मित्राच्या बोटीला साधा एक्सटिरियर प्लाय, म्हणजे घराबाहेरच्या कामासाठीचा, आणि तिसऱ्या एका बोटीला कूसा, म्हणजे लाकूड नसलेला फोमचा बोर्ड, बसवताना हाताखाली होतो. त्यामुळे तिन्ही हाताळलेत, आणि माझं मत आधीच सांगतो: १४-१६ फुटी बोट आणि २५ हॉर्सपॉवरच्या आतली मोटर असेल तर चांगला एक्सटिरियर प्लाय घ्या आणि वाचलेले पैसे इपॉक्सीवर, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या रेझिनवर घाला.

त्याआधी एक पर्याय बादच करतो, ट्रीटेड प्लाय, म्हणजे कुजू नये म्हणून रसायन मुरवलेला. दुकानात तोच पहिला सुचवतात, "कुजत नाही साहेब" म्हणून, आणि ऐकायला पटतं पण. पण अमेरिकेत २००३ संपताना घरगुती वापरातून जुनं आर्सेनिकवालं ट्रीटमेंट गेलं आणि त्याजागी जे आलं त्यात तांबं भरपूर. तांबं, ॲल्युमिनियम आणि मधे पाणी म्हणजे झाली बॅटरी, आणि त्यात खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम. पांढरी पूड दिसायला लागते, मग सुईएवढी भोकं पडतात, म्हणजे फळी टिकली आणि बोट गेली. हल्ली काही लेबलांवर ॲल्युमिनियमला चालतं असं लिहिलेलं असतं, पण पत्र्यांच्या मधे महिनोन्महिने ओल्या राहणाऱ्या फळीसाठी मी ती रिस्क घेणार नाही. शिवाय ते लाकूड ओलंच येतं, नीट वाळवल्याशिवाय त्यावर इपॉक्सी धरत नाही.

मरीन प्लायबद्दल एक मोठा गैरसमज आहे की तो कुजत नाही. कुजतो! मरीन म्हणजे आतले थर अखंड, मधे पोकळ्या नाहीत, आणि गोंद पाण्याला टिकणारा, एवढंच. बीएस १०८८ (मरीन प्लायचं ब्रिटिश मानक) शिक्का असलेला ओकुमे, म्हणजे एका आफ्रिकी झाडाच्या लाकडाचा प्लाय, तर हलका आणि सुंदर असतो पण मुळात कुजण्याला कच्चं लाकूड आहे ते. एक्सटिरियर प्लायमधला गोंदही पाण्याला टिकणाराच असतो, फरक पोकळ्यांचा. पोकळीत पाणी साचतं, आणि बोल्ट नेमका पोकळीवर आवळला गेला तर तिथे प्लाय दबतो. म्हणून शीट घेताना चारही कडा बघून घ्या, एसीएक्स ग्रेड (एक बाजू चांगली) घ्या, सीडीएक्स (दोन्ही बाजू खडबडीत, गाठी-भोकांच्या) नको, आणि कापल्यावर कडेला दिसणारी प्रत्येक भेग इपॉक्सीत फिलर (ती दाट करायची पूड) कालवून बुजवा. एवढं केलंत तर माझ्या अनुभवात दोघांत बोटीला कळेल असा फरक राहत नाही, खिशाला मात्र कळतो.

कूसा वेगळीच चीज आहे. पॉलीयुरेथेन फोममध्ये काचेचे धागे, लाकूड नाहीच, त्यामुळे कुजणं हा विषयच संपतो, आणि प्लायपेक्षा बराच हलका. कापताना मात्र काचेची धूळ उडते, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, मी दोन दिवस हात खाजवत होतो. ट्रान्समसाठी ब्लूवॉटर २६ हा जास्त घनतेचा प्रकार घ्यायचा, आणि त्याची ताकद दोन्ही बाजूंना फायबरग्लासचे थर चढवल्यावर येते, नुसता बोर्ड बोल्टाखाली दबू शकतो. म्हणजे किंमत साध्या प्लायच्या कितीतरी पट, वर कापड आणि रेझिन वेगळं. मोठी बोट, जड मोटर, आणि ही बोट आता मुलांना द्यायची असा विचार असेल तर खुशाल कूसा घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. पण जुन्या १४ फुटी बोटीची फळी तिच्या किमतीच्या निम्म्यात जायला लागली की मला ते पटत नाही.

प्लास्टिकचा जाड बोर्ड लावू का असं पण बरेच जण विचारतात, तो वाकतो आणि त्याला काही चिकटत नाही, सोडून द्या. ॲल्युमिनियमची चौकट वेल्ड करून घेणं उत्तम, पण जुना पातळ पत्रा न जाळता वेल्ड करणारा माणूस हाताशी असेल तरच.

खरं आयुष्य ठरतं ते भोकांवर. मूळ फळी बहुतेक वेळा सपाट भागात कुजत नाही, बोल्टाच्या भोकांतून, ड्रेनच्या भोकातून आणि वरच्या कडेतून पाणी शिरतं. म्हणून प्रत्येक भोक आधी मोठं पाडायचं, फिलरने दाट केलेल्या इपॉक्सीने पूर्ण भरायचं, वाळल्यावर त्याच्या मधोमध बोल्टाच्या मापाचं भोक पाडायचं, की बोल्टाचा लाकडाशी संबंधच येत नाही. कडांना इपॉक्सीचे तीन हात, बाकी सगळीकडे दोन. मी वेस्ट सिस्टिमचं १०५ रेझिन वापरतो, ते इथलंच, बे सिटीचं. इपॉक्सी संध्याकाळी लावा, गॅरेज थंड होत जाताना लाकूड ते आत ओढून घेतं, सकाळी ऊन चढताना लावलंत तर लाकडातली हवा बाहेर येते आणि बुडबुडेच बुडबुडे. दोन थर एकमेकांना चिकटवायलाही इपॉक्सीच, साधा लाकडाचा गोंद नाही, अगदी वॉटरप्रूफ लिहिलेला असला तरी.

फळी पत्र्याला मात्र चिकटवू नका. ३एमचा ५२०० हा कायमचा चिकटणारा सीलंट फासून बसवणारे लोक आहेत, पण पुढच्या वेळी ती फळी काढणाऱ्याचे हाल कुत्रा खाणार नाही. सीलंट फक्त बोल्टांना आणि वरच्या कडेला लावायचं, खालची बाजू मोकळी, म्हणजे शिरलेलं पाणी निघून जातं. बोल्ट स्टेनलेसचे आणि त्यांना टेफ-जेल (गंज रोखणारी पेस्ट), कारण स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमचंही फारसं पटत नाही. समुद्रात नेणार असाल तर यात जराही कंजुषी नको.

जुनी फळी काढताना तुकडे झाले तरी फेकू नका, सगळे कार्डबोर्डवर जुळवून आउटलाइन काढा, कोपऱ्यांची गोलाई मोजून कधीच नीट येत नाही. फळी बाहेर असताना रात्री गॅरेजचा दिवा बंद करून पत्र्यामागे टॉर्च धरा, जिथून उजेड दिसेल ती सगळी भोकं आत्ताच बुजवायची. आणि काम झाल्यावर बोट ट्रेलरवर ठेवताना पुढचं तोंड उंच आणि ड्रेन प्लग काढलेला, पाऊस पडो वा बर्फ वितळो, पाणी फळीपाशी थांबता कामा नये.