घर खरं, फोटो खरे, नंबर चोराचा : देवबागच्या बुकिंगमध्ये आमची झालेली फसवणूक

कोकणात, विशेषतः मालवण-तारकर्ली-देवबाग पट्ट्यात घरगुती राहण्याची सोय शोधणाऱ्यांनी हे पूर्ण वाचावं, ही कळकळीची विनंती. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत खोलीच्या नावाखाली आमच्या कुटुंबाचे १४,६०० रुपये गेले. आमच्या सबंध सहलीच्या खर्चाची ती जवळपास निम्मी रक्कम होती. आणि चौकशी न करता कुणाला तरी पैसे पाठवून दिले, असंही झालेलं नाही. चौकशी व्यवस्थित झाली होती. ज्या नंबरवर ती झाली, तो नंबरच चोराचा होता.

आम्ही सांगलीचे. सासूबाई, आम्ही दोघं, भाऊजी आणि जाऊबाई, आणि दोन्ही घरची मुलं, असा एका क्रूझरमध्ये मावणारा कबिला. दिवाळीत समुद्राकाठच्या मोठ्या रिसॉर्टचे दर आमच्या आवाक्याबाहेर जातात, त्यामुळे सुरुवातीपासून घरगुती खोलीच बघायची असं ठरलं होतं. स्वच्छ खोली, घरचं जेवण, मुलांना अंगण, एवढंच हवं होतं. भाऊजींनी मॅपवर देवबागमधलं एक घर शोधलं. चिऱ्याच्या भिंती, पुढे तुळशीवृंदावन, दोन माडांमध्ये बांधलेला झोपाळा, मागे कर्ली नदीचं पाणी. जुने-नवे अभिप्राय होते, त्यात काकींच्या हातच्या घावण्यांचं आणि बांगड्याच्या तिखल्याचं कौतुक होतं. खाली फोन नंबर होता. भाऊजींनी तो लावला.

पलीकडचा माणूस स्वच्छ मराठी बोलत होता. 'दादा' म्हणत होता, वयस्कर कुणी आहे का विचारत होता, त्यांना खालची खोली देतो म्हणत होता. नॉन-एसी खोलीचा दर त्याने १,६०० रुपये सांगितला. सगळीकडे सांगतात की फार स्वस्त मिळालं तर संशय घ्या. हा दर फार स्वस्त नव्हता. आसपासच्या घरांपेक्षा दोन-तीनशे रुपयांनीच कमी होता. या टोळ्यांना बाजारभाव चांगला माहीत असतो, आणि संशय येणार नाही इतकाच फरक त्या ठेवतात.

पुढे व्हॉट्सॲपवर घराचे फोटो आले, जेवणाचे दर आले, येण्याजाण्याच्या वेळांचं छापील पत्रक आलं. अनोळखी नंबर कोणाचा ते दाखवणाऱ्या ॲपवरही त्या घराचंच नाव आलं. नंतर कळलं की तिथे लोक ज्या नावाने नंबर साठवतात तेच नाव दिसतं. मॅपवरून नंबर घेऊन लोकांनी तो त्या घराच्या नावाने साठवला होता, म्हणून चोर त्या नावाने दिसत होता. भाऊजींनी व्हिडिओ कॉल करून खोली दाखवायला सांगितली, तेव्हा 'आत्ता गेस्ट आहेत, फॅमिली आहे, बरं दिसत नाही' असं सांगून त्याने एक व्हिडिओ पाठवला. घर तेच, झोपाळा तोच. तो व्हिडिओ कुणा पर्यटकाने कधी तरी इंटरनेटवर टाकलेला होता.

दोन खोल्या, तीन रात्री, ९,६०० रुपये. निम्मे आगाऊ, म्हणजे ४,८०० पाठवले. यूपीआयवर नाव आलं ते घराच्या मालकाचं नव्हतं. विचारल्यावर उत्तर तयार होतं, 'आमचे हिशेब बघतात त्यांचं खातं आहे.' दहा मिनिटांत पुन्हा फोन. पैसे पाठवताना रिमार्कमध्ये बुकिंग कोड टाकला नाही म्हणून सिस्टीमने बुकिंग धरलं नाही, तीच रक्कम कोड टाकून पुन्हा पाठवा, आधीचे पैसे आपोआप परत येतील. भाऊजींनी नकार दिला तेव्हा तो म्हणाला, 'मग असं करू, दोन्ही मिळून पूर्ण पैसे धरतो, इथे आल्यावर तुम्हाला काहीच द्यायचं नाही.' ऐकायला रास्त वाटणारं बोलणं. दुसरे ४,८०० गेले, शिक्का मारलेली पावतीही आली. निघायच्या आदल्या रात्री नऊच्या सुमाराला त्याने अनामत म्हणून ५,००० मागितले, निघताना परत मिळतील म्हणाला. सामान बांधलेलं, गाडी ठरलेली, मुलं झोपायला तयार नाहीत. अशा वेळी कुटुंब मागे फिरत नाही, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. ती मागणी मुद्दामच त्या रात्री आली.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवते, कारण ती दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. भाऊजींनी विचारलं होतं, 'घर संगमाजवळच ना?' तो म्हणाला, 'संगम ओलांडला की पाच मिनिटांवर.' आम्हा सांगलीकरांच्या डोळ्यांसमोर हरिपूरचा कृष्णा-वारणेचा संगम असतो, आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण देवबाग ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी चिंचोळी जमिनीची पट्टी आहे. ती संगमाला संपते. पुढे पाणी, आणि पाण्यापलीकडे भोगव्याचा किनारा, तोही वेंगुर्ला तालुक्यात. देवबागच्या कुठल्याही पोराने हे उत्तर दिलं नसतं. तो माणूस मालवणला कधी आलेलाच नव्हता.

फोंडा घाट उतरून आम्ही संध्याकाळी पाचच्या सुमाराला देवबागला पोहोचलो. फोटोतलं घर लगेच सापडलं. झोपाळ्यावर दुसऱ्याच कुणाची मुलं बसली होती. साठीच्या काकी बाहेर आल्या. भाऊजींनी पावती दाखवली. त्यांनी चष्मा लावून नंबर वाचला आणि त्यांचा चेहराच उतरला. 'ह्यो नंबर आमचो न्हय,' म्हणाल्या, आणि मग आमच्याकडे न बघता आत वळून मुलाला हाक मारली. त्या आठवड्यात अशी पावती घेऊन आलेले आम्ही पहिले नव्हतो. आदल्या दिवशी पुण्याचं एक कुटुंब येऊन गेलं होतं आणि त्यातल्या एकाने अंगणात उभं राहून काकींनाच चोर ठरवलं होतं. आम्हीही ओरडणार या धास्तीने त्या हात जोडून उभ्या होत्या. त्यांना तसं बघणं मला पैसे जाण्यापेक्षा जड गेलं.

खोल्या सगळ्या भरलेल्या. तरीही काकी म्हणाल्या, 'आधी आत येवा, पोरांका भूक लागली आसतली.' सासूबाईंना आणि मुलांना त्यांनी स्वतःच्या माजघरात झोपायला जागा दिली, आम्ही बाकीचे खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, चटया टाकून झोपलो. रात्री भात, तिखलं आणि सोलकढी. जेवणाचे पैसे घेतले, राहण्याचे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओळखीने वायरीला खोल्या मिळाल्या.

हे झालं कसं, ते त्यांच्या मुलाशी बोलताना उलगडलं. मॅपवरचं ते पान काकींनी बनवलेलंच नव्हतं. काही वर्षांपूर्वी कुणा पाहुण्याने चांगल्या मनाने घराची जागा तिथे टाकली, लोकांनी फोटो आणि अभिप्राय टाकले, पान वाढत गेलं. मालकाने हक्क न सांगितलेल्या अशा पानावर 'बदल सुचवा' म्हणून कुणीही दुसरा नंबर सुचवू शकतो, आणि असे काही बदल स्वीकारलेही जातात. चोराने एवढंच केलं. बाकी सगळं, म्हणजे घर, अंगण, घावण्यांची कीर्ती, हे काकींनी वर्षानुवर्षं कमावलेलं होतं.

म्हणून माझं सांगणं असं की त्याच नंबरवर कितीही प्रश्न विचारले तरी खात्री होत नाही. खात्री दुसऱ्या वाटेने करावी लागते. घराचं नाव आणि गाव घेऊन अभिप्रायांतल्या फोटोंमध्ये घराच्या पाटीवर लिहिलेला नंबर दिसतो का ते बघा. गावातल्या दुसऱ्या एखाद्या खानावळीला, स्कुबावाल्याला किंवा रिक्षावाल्याला फोन करून त्या घराचा नंबर मागा. देवबागसारख्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, दोन मिनिटांत खरा नंबर मिळतो. राज्याच्या पर्यटन विभागाकडे 'निवास व न्याहारी' योजनेत नोंदणी झालेली घरं असतात, नोंदणी आहे का हेही विचारता येतं. एमटीडीसीची, म्हणजे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची, तारकर्लीची निवासव्यवस्था हवी असेल तर थेट महामंडळाच्या संकेतस्थळावरच जा, शोधयादीत वर येणाऱ्या जाहिरातीतून जाऊ नका. आणि जिथे मालक एका रात्रीच्या आगाऊ रकमेवर तयार होत नाही, तिथलं बुकिंग सोडून द्या. खरे घरवाले बहुतेक वेळा तयार होतात.

आता पैशांचं. काकींच्या खळ्यात बसूनच आम्ही १९३० ला फोन लावला. ही केंद्रीय गृह मंत्रालयाच्या व्यवस्थेतली सायबर आर्थिक फसवणुकीची हेल्पलाइन. तुम्ही सहलीला कुठेही असा, तिथून तक्रार करता येते. प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम, आपली बँक आणि यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक विचारतात. तो ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात असतो, फोन लावण्याआधी कागदावर उतरवून ठेवा. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर चॅट, पावती, स्क्रीनशॉट जोडून सविस्तर तक्रार केली. आधी दिलेले ९,६०० केव्हाच चार खात्यांतून फिरून कुठल्याशा एटीएममधून काढले गेले होते. पण आदल्या रात्रीच्या ५,००० पैकी ३,८०० दुसऱ्या खात्यात सापडले आणि तिथेच गोठवले गेले. ते सोडवायला न्यायालयात अर्ज करावा लागला, वेळ गेला, पण ते परत मिळाले. एका रात्रीच्या अंतराने हा फरक पडला. त्यामुळे शंका आली की घरच्यांशी चर्चा करत बसू नका, वाद नंतर घाला, आधी फोन लावा.

बँकेत मात्र वेगळं ऐकायला मिळालं. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक बरेच जण सांगतात, की तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. पण ते आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. आपणच पिन टाकून पाठवलेल्या पैशांना ते लागू होत नाही, भले ते खोटं बोलून घेतलेले असोत. पोलीस तक्रार वेगळी. त्यात भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड लागतं. ठाण्यात 'ऑनलाइन तक्रार केलीत ना, मग झालं' असं म्हणाले तरी लेखी पोच घेतल्याशिवाय उठू नका.

हे फक्त समुद्राकाठी चालत नाही. कमी पैशांत प्रवास करणारा आपला मोठा वर्ग देवस्थानांच्या भक्तनिवासांवर अवलंबून असतो, आणि तिथेही हेच जाळं आहे. शेगावला भक्तनिवासात खोली तिथे प्रत्यक्ष गेल्यावर मिळते. त्या नावाने ऑनलाइन बुकिंग करून देतो म्हणणारा समोर आला की समजून जा. शिर्डीच्या साई संस्थानच्या खोल्या संस्थानच्याच संकेतस्थळावरून घ्याव्यात. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने चारधाम यात्रेच्या तोंडावर जाहीर इशारा दिला होता, तो खोट्या हेलिकॉप्टर बुकिंगबद्दल आणि भाविकांच्या निवासाच्या खोट्या बुकिंगबद्दलच. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं तिकीट आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर मिळतं, व्हॉट्सॲपवर नाही. आमच्या ओळखीतल्या एका आजी-आजोबांनी पेन्शनमधून साठवलेले पैसे असेच घालवले आणि लाजेपोटी मुलांनाही सांगितलं नाही. अशा माणसांना बोल लावू नका. जवळ बसून त्यांच्या फोनवरून १९३० लावून द्या.

काकींच्या मुलाने आता मॅपवरचं ते पान स्वतःच्या ताब्यात घेतलं आहे. घराचा, पाटीचा आणि आतल्या खोल्यांचा व्हिडिओ काढून पडताळणी करावी लागली, मग नंबर बदलला. त्याच वेळी त्याने शेजारच्या घरांची पानं तपासली, तर आणखी काहींवर मालकांना माहीत नसलेले नंबर निघाले. ते बदलून घ्यायचं काम तो घरोघरी जाऊन करतो आहे, कारण बऱ्याच घरांत फोन चालवणारं तरुण माणूस मुंबईला आहे. तुमचं, मामाचं, मावशीचं घर कोकणात पाहुण्यांना देत असाल, तर आज मॅपवर घराचं नाव टाकून खाली कुणाचा नंबर दिसतो ते बघा, आणि तो नंबर लावून फोन कोण उचलतं तेही बघा.