निकोटीन गम, २ मिलिग्रॅम, पुदिना: अकरा आठवड्यांनंतरचं मत

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कुठे कापला ते सांगतेच, पण आधी एक कबुली. ही गोळी विकत घेतली तेव्हा सिगारेट सोडायचा माझा काही विचार नव्हता. मार्चअखेरीला दर तासाला टपरीवर जाता येत नाही, एवढंच कारण. मी दादरला एका कर सल्लागाराकडे काम करते. जीएसटीची नोटीस आली की छातीत धडधड, धडधड झाली की जिना उतरायचा. सोळा वर्षं हेच. दिवसाला बारा, टेन्शनवर औषध म्हणून.

केमिस्ट म्हणाला, "च्युइंगमसारखी चघळायची, मॅडम." चघळली. ठाण्याहून सकाळच्या फास्ट लोकलमध्ये मुलुंडला जी उचकी लागली ती घाटकोपर गेलं तरी थांबेना. घसा तिखट, पोटात ढवळतंय. शेजारणीने पाणी दिलं, वर म्हणाली, "कुणीतरी आठवण काढतंय." कोण काढतंय ते मला ठाऊक होतं.

संध्याकाळी चष्मा लावून आतला कागद वाचला. ही चघळायची वस्तूच नाही. चार-सहा वेळा हळू चावायची, जीभ झिणझिणली की गावाकडे तंबाखूचा बार धरतात तशी गालात दाबून ठेवायची. झिणझिण ओसरली की पुन्हा चावायची. असं अर्धा तास. निकोटीन गालातून शोषलं जातं. भराभर चावलं तर लाळेबरोबर पोटात जातं आणि उचक्या देतं. आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी बंद, नाहीतर शोषणच होत नाही. मी चार दिवस कटिंगबरोबर घेत होते आणि गोळीला शिव्या घालत होते.

आता मुद्द्याचं. सिगारेटचं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. गोळीला चांगली वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ धडधडीबरोबर नुसतं बसून राहावं लागतं. करायचं काय, म्हणून टेबलावरच्या कॅलेंडरवर वेळ लिहायला लागले. १०.१०. ११.३५. १.०५. नोटीस असो नसो, साहेब जागेवर असोत नसोत, दीड तासाच्या आसपास ठरलेली. मग आला रविवार. वरणभात-लिंबू पोटभर खाऊन सोफ्यावर पडलेय, जगात कुणाचं काही देणं नाही, आणि छातीत तीच धडधड. घड्याळ बघितलं. बरोबर दीड तास झाला होता.

रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. ते उतरायला लागलं की बेचैनी, चिडचिड, कशात लक्ष न लागणं. पुढची सिगारेट ही बेचैनी घालवते आणि आपल्याला वाटतं टेन्शन गेलं. जुन्या कर्जाचा हप्ता भरायला त्याच सावकाराने दिलेलं नवं कर्ज. बँकांच्या भाषेत एव्हरग्रीनिंग. दुसऱ्याच्या वह्यांत मी ते लगेच पकडते. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता: सिगारेट सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले होते. पण ही मोजणी सोडल्यानंतर किमान सहा आठवड्यांनी केलेली. पहिल्या तीन दिवसांबद्दल मला विचारा. आईशी भांडले, भाजीवाल्याशी भांडले, एक्सेलच्या एका कॉलमशी भांडले.

आमच्या डॉक्टरांनी एक भलतीच उपयोगी गोष्ट सांगितली. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन लवकर फोडतं. धूर बंद झाला की तोच चहा अंगात जास्त वेळ राहतो. माझे हात थरथरत होते ते सगळं सिगारेटच्या विरहाने नव्हे, पाच कप चहाने. दोनवर आले, थरथर निम्मी.

आता कापलेले तारे. एक तारा ताकदीचा. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली ओढणाऱ्याला ४ मिलिग्रॅमची गोळी लागते. मी डोळे उघडल्यावर दहा मिनिटांत बाथरूमचा एक्झॉस्ट लावून ओढत असे. ४ ला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, २ तशीच मिळते, म्हणून मी २ घेतली आणि पहिला आठवडा वाया घालवला. हे काउंटरवर कुणी विचारलं नाही.

पैशाचं म्हणाल तर माझ्या दुकानात दहा गोळ्या शंभरेक रुपयांना, सुरुवातीला दिवसाला आठ-नऊ. टपरीवर बारांचे यापेक्षा कितीतरी जास्त जायचे. सुट्टी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, पण आमच्या टपरीवर कुणी ती मनावर घेतलेली नाही. सुट्टी घेणाऱ्याला पाकीट दिसतच नाही, त्यामुळे त्यावर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा, नंबरही नाही. मला तो दिसला, कारण एकदा अलिबागला जाताना अख्खं पाकीट घेतलं होतं. फोनवरच्या बाईंनी उपदेश न करता आधी सोडायची तारीख ठरवायला लावली, नंतर स्वतःहून फोन केले. गोळीला साडेतीन दिले, त्यांना पाच.

वडिलांच्या बायपासची तारीख जवळ आलीय, त्याची काळजी गोळीने जात नाही. ती दीड तासाने येत नाही, कधीही येते. एवढा फरक आता कळतो. सध्या दिवसाला तीन गोळ्या.

उरलेला अर्धा तारा पॅकिंगचा. तो पत्रा नखाने सुटत नाही. हात थरथरणाऱ्या माणसासाठी बनवलेली वस्तू, आणि उघडायला कात्री लागते.