अँटी-एजिंग कॅप्सूल, दोन महिने घेऊन झाल्यावर सांगतोय

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानातनं आईसाठी या कॅप्सूल घेतल्या, ६० ची बाटली १,८५० रुपये, रोज दोन, अशा तीन बाटल्या. आई ६८ ची आहे, रंकाळ्यावर थोडं चाललं की गुडघे धरून बसती, त्यामुळं दुकानदार "मावशींना फरक पडणारच" म्हटल्यावर लगेच पैसे दिले. दोन महिन्यांत काडीचा फरक नाही.

बाटलीवर लिहिलंय फ्री रॅडिकल्समुळं म्हातारपण येतं, ते रोखायला अँटीऑक्सिडंट घ्या. मग मी वाचायला बसलो. अशी थिअरी खरंच आहे, डेनहॅम हार्मन या शास्त्रज्ञांनी १९५६ साली मांडलेली, पेशी ऑक्सिजन वापरून ताकद तयार करतात तेव्हा काही तापट रेणू सुटतात, तेच फ्री रॅडिकल्स, आणि ते डीएनए, प्रथिनं खराब करत जातात, पण म्हणून गोळी खाल्ली की वय थांबतं असं कुठंच सिद्ध झालेलं नाही. उलट फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, १९९४ ला निकाल आला, तर बीटा कॅरोटीन, म्हणजे असंच एक अँटीऑक्सिडंट, घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. आणि या बाटलीत बीटा कॅरोटीन आहे! आमचे बाबा ४० वर्षं बिडी ओढतात आणि आईबरोबर तेही घ्यायला लागले होते. हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही लागली, सकाळी उठल्या उठल्या बाटली कपाटातनं काढून टाकली.

दुकानात एकच कारण सांगतात, पण कारणं लई आहेत ओ. हेफ्लिक नावाच्या शास्त्रज्ञांनी १९६१ ला दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी साधारण ५० वेळा विभागून थांबतात. कारण नंतर कळलं, पेशीतल्या क्रोमोसोमच्या टोकाला टेलोमिअर नावाची टोपणं असतात, ती दर वेळी झिजतात, त्या टेलोमिअरच्या कामाला २००९ चं नोबेल मिळालं. मला सगळ्यात पटली ती कर्कवूड या शास्त्रज्ञांची १९७७ ची थिअरी, शरीराकडं ताकद मोजकी, ती पोरं जन्माला घालायला पण लागती आणि दुरुस्तीला पण, मग दुरुस्ती कायमची पुरेल एवढी होतच नाही. घरात पैसा कमी असला की आपण आधी पोरांची फी भरतो आणि भिंतीचा गिलावा पुढच्या वर्षावर ढकलतो, तसंच. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी म्हातारपणाच्या नऊ खुणा मांडल्या, २०२३ ला त्या बारा झाल्या. बारा ठिकाणी झिजणारं शरीर एका कॅप्सूलनं कसं थांबणार सांगा.

सीलबंद तिसरी बाटली बिलासकट परत न्यायला गेलो तर घेतली नाही, दुकानदार नीट बोलला पण नाही. एक स्टार. आईला हाडाच्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी मांडीचे व्यायाम दिलेत, ते ती रोज करती.

घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर असलं काही घ्यायच्या आधी बाटलीच्या मागचं बारीक अक्षर वाचा, बीटा कॅरोटीन दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.