अंतर्गत सुरक्षेच्या नोट्स: घ्या, पण 'परदेशी लढवय्ये' दुसरीकडून करा

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या नोट्स झेरॉक्स करून, स्पायरल लावून मिळतात. त्यातल्या 'अंतर्गत सुरक्षा'च्या मी घेतल्या, 280 रुपयांना. नक्षलवाद, सीमा व्यवस्थापन, सायबर हे भाग झकास. कागद मात्र पातळ, हायलायटर फिरवला की मागच्या पानावर उमटतो. नकाशे तर काळे ढुस्स. सीरिया कुठं संपला अन् इराक कुठं सुरू झाला, ॲटलास घेतल्याशिवाय कळत नाही.

खरी बोंब 'परदेशी लढवय्ये', म्हणजे दुसऱ्या देशातल्या युद्धात लढायला जाणारे लोक, या प्रकरणात आहे. अशा लोकांना दहशतवादी गटांत जाण्यापासून रोखायचा संयुक्त राष्ट्र सुरक्षा परिषदेचा 2014 चा ठराव 2178 दिलाय, त्याच वर्षी कल्याणहून आयसिससाठी इराकला गेलेले चार तरुण दिलेत. इथपर्यंत बरोबर. पण लोक जातात का, तर एकच उत्तर: इंटरनेटवरची धार्मिक कट्टरता. खाली तीन ओळी उपाय, की प्रकरण खल्लास. मेन्सला 15 मार्कांचा प्रश्न आला तर एवढ्यावर काय लिहायचं, कप्पाळ?

स्पेनचं यादवी युद्ध घ्या, 1936 ते 1939. प्रजासत्ताकाच्या बाजूनं आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये सुमारे 35,000 परदेशी लढले. हिटलर-मुसोलिनीमुळं देश सोडावा लागलेले जर्मन, इटालियन त्यात होते, तसे नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दारही होते! संघाचे पहिले सरकार्यवाह. पत्रकारिता शिकायला लंडनला गेले अन् 'जॉन स्मिथ' या नावानं बंडखोर जनरल फ्रँकोविरुद्ध लढायला स्पेनमध्ये उतरले. 1938 साली पकडले गेले, कैद भोगली, मायदेशी आल्यावर कम्युनिस्ट झाले. नोट्सच्या कुठल्या रकान्यात बसवायचं यांना? त्याच युद्धात आयर्लंडचा उजवा नेता ओडफी याच्या मागं सातेकशे आयरिश लोक कॅथलिक धर्म वाचवायला म्हणून फ्रँकोकडून गेले. धर्माचं कारण खोटं नाही, पण ते एकाच धर्माच्या नावावर मांडून कसं चालेल?

सीरियाचंही तेच. इराणनं तिथं असद सरकारच्या बाजूनं लढायला पाठवलेल्या फातेमियून दलात इराणमधले अफगाण निर्वासित होते. कुणी श्रद्धेनं गेलं, कुणाला पगार अन् राहण्याची कागदपत्रं हवी होती. आयसिसविरुद्ध कुर्दांच्या बाजूनं लढायला पाश्चात्त्य देशांतले माजी सैनिक गेले, डावे कार्यकर्तेही गेले.

पगारासाठी परमुलखात लढणं तर आम्हा परभणीकरांना नवं वाटू नये. निजामाच्या चाकरीत अरब शिपाई येमेनच्या हद्रमौतहून यायचे. त्यांचे वंशज, चाऊस मंडळी, आज मराठवाडाभर आहेत. नोट्स छापल्या इथंच, पण यावर एक ओळ नाही.

दुकानदार काकांना विचारलं तर म्हणाले, "ताई, क्लासवाले देतात तसं आम्ही काढतो." त्यांचं बरोबरच आहे. पानं उलटसुलट लागली होती, ती त्यांनी हूं की चूं न करता बदलून दिली.

पाचपैकी तीन. सायबरसाठी घ्या, प्रीलिम्सपुरतं हे प्रकरणही चालेल. मेन्सवाल्यांनी स्पेन अन् सीरिया ग्रंथालयात बसून करावं.