वापरलेला टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं मशीन) घेतला, आणि विकणाऱ्याच्या जाहिरातीला माझ्याकडून पाच स्टार

रिव्ह्यू टर्नटेबलचा कमी आणि तो ज्या पद्धतीने विकायला मांडला होता त्याचा जास्त आहे, आधीच सांगतो. एमके२ कसा वाजतो हे जगाला माहितीये, १९७९ चं मॉडेल, डायरेक्ट ड्राइव्ह (बेल्ट नाही, मोटर थेट तबकडी फिरवते), क्वार्ट्झ लॉक (वेग क्रिस्टलने पक्का धरलेला), पिच म्हणजे वेग अधिक-उणे ८ टक्के, त्यात मी नवीन काय सांगणार. २०१० ला ह्या मालिकेचं प्रॉडक्शन थांबलं, २०१६ ला टेक्निक्सने मालिका परत आणली ती नवीन मॉडेलं घेऊन, म्हणजे एमके२ पाहिजे तर बहुतेक वापरलेलाच मिळणार, आणि त्यातले बरेच डीजे लोकांनी वर्षानुवर्षं राबवलेले असतात. म्हणून मशीन किती चांगलं ह्यापेक्षा हा समोरचा पीस कसाय हेच महत्त्वाचं, आणि नेमकं तेच बहुतेक जाहिरातींत नसतं. "एकदम मिंट कंडिशन", खाली लांबून काढलेले दोन फोटो, आणि विचारायला गेलं की "चालू आहे, टेस्ट करायला सोय नाही". अरे मग चालू आहे हे कळलं कसं?

ह्या माणसाने दोष आधी लिहिले होते, म्हणजे अगदी पहिल्या ओळीत. सुईवर उजेड पाडणारा छोटा दिवा वर येतो पण लागत नाही, झाकणाच्या एका बिजागरीपाशी तडा आहे, सिग्नलची केबल मूळची नाही, बदललेली आहे. एमके२ ला केबल आतूनच जोडलेली असते, मागे सॉकेट नसतं, त्यामुळे बदलली म्हणजे कोणीतरी खालून उघडून सोल्डरिंग केलंय, तर त्याने त्या सोल्डरिंगचा पण जवळून फोटो टाकला होता, अर्थिंगच्या वायरसकट. हा एक फोटो बघून माझा निम्मा निर्णय झाला.

मग व्हिडिओ. बॅकग्राउंडला गाणं नाही काही नाही, ही फार मोठी गोष्ट आहे कारण गाण्याखाली सगळं झाकलं जातं. पिच स्लायडर बरोबर शून्यावर, हिरवा दिवा लागलेला, आणि कॅमेरा प्लॅटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या तबकडीच्या, कडेवरच्या ठिपक्यांवर, मोठे ठिपके जागच्या जागी उभे, म्हणजे वेग बरोबर. मग एका बोटाने स्लायडर हळूहळू अधिककडे, ठिपके सरकायला लागले, परत शून्यावर आणला, परत स्थिर. शून्याच्या आसपास स्लायडर किंचित अडकतो ते पण त्याने तिथेच दोनदा करून दाखवलं, कॅमेरा न हलवता. त्यानंतर टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा: मागचं वजन (काउंटरवेट) फिरवून आर्म हवेत आडवा तरंगता ठेवला, अँटी-स्केटिंग (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेला बाहेरचा ताण) शून्यावर, आर्म शांत. मग अँटी-स्केटिंगचा डायल फिरवला तर आर्म आपोआप बाहेरच्या बाजूला सरकला. बेअरिंग कुठे अडकत नाहीये हे बघायला ह्यापेक्षा सोपी टेस्ट नाही, आणि शेवटी हेडशेल, म्हणजे आर्मच्या टोकाचा सुईचा भाग, दोन बोटांत धरून हलवून दाखवलं की आर्मला खडखड नाही. एवढं सगळं दोन-तीन मिनिटांत होतं हो, लोक का करत नाहीत कळत नाही.

सुईबद्दल पण सरळ लिहिलं होतं की किती तास वापरलीये सांगता येणार नाही, नवीन घ्या, कार्ट्रिजचे (सुई ज्यात बसते त्या भागाचे) पैसे धरलेले नाहीत. मला हे फारच आवडलं. जुन्या सुईला "जवळपास नवीन" म्हणून भाव वाढवणारे खूप बघितलेत, आणि झिजलेली सुई रेकॉर्डच खराब करते, म्हणजे नुकसान तिथे थांबत नाही. मागच्या लेबलचा फोटो होता त्यावर व्होल्टेज स्पष्ट वाचता येत होतं, हे पण महत्त्वाचं, कारण जपानमध्ये विकलेले पीस १०० व्होल्टचे असतात आणि २३० वर सरळ लावला तर संपलं.

पॅकिंग बघून तर हात जोडावेसे वाटले. प्लॅटर काढून वेगळा गुंडाळलेला, हेडशेल आणि काउंटरवेट वेगळ्या डबीत, आर्म त्याच्या क्लिपमध्ये अडकवून वर बांधलेला, डबल बॉक्स. प्लॅटर तसाच ठेवून पाठवला तर त्याचं वजन वाटेत मधल्या स्पिंडलवर आदळत राहतं.

तक्रार पण आहे. फोटो पिवळ्या उजेडात काढलेत, त्यामुळे सिल्व्हर रंगावरचे ओरखडे नीट कळले नाहीत, खिडकीपाशी काढायला काय हरकत होती. आणि खालचा एक पाय नीट फिरत नव्हता, लेव्हल करताना वैताग आला, हे जाहिरातीत नव्हतं. विचारलं तर लगेच मान्य केलं आणि सुटा पाय पाठवून दिला.

भाव बाकीच्यांपेक्षा जास्त होता. घासाघीस केली नाही, कारण ते जास्तीचे पैसे मशीनचे नव्हतेच, घ्यायच्या आधी मला जे जे बघायला मिळालं त्याचे होते. त्याच्या बाकीच्या जाहिराती पण चाळल्या, अ‍ॅम्पमध्ये स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून नको असलेला डीसी किती येतोय त्याचा फोटो, व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते का त्याचा आवाज, स्पीकरची जाळी काढून वूफरच्या कडेचा फोम, जो वर्षं गेली की हात लावला तरी गळून पडतो. आता एक कॅसेट डेक टाकलाय. हेडचा क्लोजअप आहे, बेल्ट बदललाय म्हणून लिहिलंय, पण टेप दाबून पुढे सरकवणाऱ्या पिंच रोलरचा फोटो दिसत नाहीये, तो मागवलाय, आला की ठरवतो.