एंट्रॉपी कार्पेट टाइल्स: जंगलाची कॉपी आहे, पण कामाची आहे

इंटरफेस कंपनीच्या एंट्रॉपी टाइल्स (म्हणजे जोडून लावायचे कार्पेटचे चौकोनी तुकडे) ऑफिसात रोज पायाखाली असतात म्हणून लिहितोय. 'निसर्गातून प्रेरणा' असं कुठे लिहिलेलं दिसलं की माझं नाक आधी मुरडतं, कारण बहुतेक वेळा ते नुसतं पानाफुलांचं प्रिंट निघतं. इथे तसं नाहीये.

डिझायनर डेव्हिड ओकींच्या टीमने जंगलातली जमीन नीट बघितली. तिथे पानं, काड्या, खडे कसेही पडलेले असतात, कुठलेही दोन तुकडे सारखे नसतात तरी सगळं मिळून एकच वाटतं. २००० साली आलेल्या या टाइल्समध्ये तेच केलंय, प्रत्येक टाइलचं डिझाइन आणि शेड जराशी वेगळी, त्यामुळे कुठल्याही दिशेने लावा, दोन वेगळ्या लॉटमधल्या मिसळा, कळतच नाही. एखादीवर काही सांडलं किंवा खुर्चीच्या चाकांनी ती झिजली तर तेवढीच काढून नवी बसवायची, उठून दिसत नाही. एकरंगी टाइलला हेच केलं की ठिगळ दिसतं आणि मग आख्खी खोली बदलायचा मोह होतो. लावताना वेस्टेजही कमी. माझ्या मते खरी सस्टेनेबिलिटी ही आहे, बाकी ब्रोशर.

खाली गोंद नको म्हणून कंपनीचेच टॅकटाइल्स नावाचे छोटे चौकोनी स्टिकर येतात, ते टाइल्सचे कोपरे एकमेकांना जोडतात, जमिनीला काही चिकटत नाही. या स्टिकरची कल्पना भिंतीला चिकटणाऱ्या पालीवरून सुचली अशी गोष्ट सांगतात, पण पालीच्या पायाला अतिसूक्ष्म केस असतात आणि इथे चक्क चिकट फिल्म आहे, तेव्हा पालीला उगाच क्रेडिट नको. आयडिया मात्र झकास, टाइल्स स्वतःच्या वजनानेच जागेवर बसतात.

आता या टाइल्समुळे 'स्थानिक अर्थव्यवस्थे'ला हातभार लागतो असं जे म्हणतात, तो भाग. हे एंट्रॉपीचं नाही, याच कंपनीच्या नेट इफेक्ट नावाच्या दुसऱ्या कार्पेट कलेक्शनचं. २०१२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीबरोबर फिलिपिन्सच्या डानाहोन बँक या समुद्रातल्या प्रवाळांच्या भागात कंपनीचा नेट-वर्क्स हा उपक्रम सुरू झाला. किनाऱ्यावरचे लोक टाकून दिलेली नायलॉनची जाळी गोळा करून विकतात, जोडीला गावातच बचत गट. अॅक्वाफिल कंपनी त्या जाळ्यांपासून कार्पेटसाठी धागा करते. बचत गट मला सगळ्यात आवडले कारण पैसा गावात राहतो. पण धागा स्लोव्हेनियात बनतो, म्हणजे जाळी अर्धं जग फिरणार, याला पूर्ण स्थानिक कसं म्हणायचं?

ज्यांना रेषेला रेष जुळलेली लागते त्यांनी एंट्रॉपी घेऊ नका, रोज चिडचिड होईल. बाकीच्यांनी बिनधास्त घ्या, पाचपैकी चार.